पावसाळ्यात इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून: मूळ फिल्टर बॉक्स, वरचे आवरण की स्नॉर्कल?

जून उजाडला की पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत स्नॉर्कलची, म्हणजे इंजिनासाठी छताच्या उंचीवरून हवा घेणाऱ्या नळीची, चौकशी सुरू होते, आणि चौकशी करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एका प्रश्नाचे उत्तर अजून ठरवलेले नसते: आपल्याला अडवायचे आहे ते पाणी वरून येणारे की खालून येणारे? ताम्हिणी घाटातील धुवाधार पाऊस, महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेले तुषार आणि रस्त्यावर तुंबलेले गुडघाभर पाणी हे सारे इंजिनाच्या हवेच्या वाटेनेच आत शिरू शकते. पण तुषारांवर जो उपाय चालतो तो तुंबलेल्या पाण्यात कुचकामी ठरतो. म्हणून पुढील तुलना किमतीवरून न करता पाण्याच्या प्रकारावरून केली आहे.

धोका किती थोड्या पाण्याने होतो, हे आधी पाहू. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशनचे प्रमाण, म्हणजे पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचे गुणोत्तर, ११:१ धरले, तर पिस्टन पूर्ण वर गेल्यावर शिल्लक राहणारी जागा अवघी ३० मिलिलिटर असते, म्हणजे दोन मोठे चमचे. त्याहून अधिक पाणी आत गेले की ते दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात हे प्रमाण अधिक असल्याने सिलिंडरच्या आकाराच्या मानाने ही जागा आणखी कमी असते. मात्र हे झाले एकदम शिरलेल्या पाण्याचे. तुषारांच्या रूपाने जाणारे पाणी इतके घातक नसते. ते फिल्टरचा कागद भिजवते, हवा कोंडते, गाडीचा जोर आणि मायलेज घटवते. भिजून वाळलेल्या कागदाच्या घड्या पूर्ववत होत नाहीत, तेव्हा असा फिल्टर वाळवून परत बसवण्याची काटकसर करू नये.

पहिला पर्याय म्हणजे कंपनीने दिलेली मूळ रचना, आणि माझ्या मते तिला मिळायला हवे तितके श्रेय मिळत नाही. बहुतेक मोटारींत हवेचे तोंड ग्रिलच्या वरच्या कडेलगत किंवा हेडलाइटच्या मागे असते; तेथून आलेली हवा बॉक्समध्ये वळते, जड थेंब तळाशी पडतात आणि तळाच्या बारीक छिद्रातून किंवा रबरी झडपेतून बाहेर निघून जातात. ही झडप वडा-पिंपळाच्या पानांनी, धुळीच्या चिखलाने बुजते आणि नंतर तोच बॉक्स पाणी साठवू लागतो. मे महिन्याच्या अखेरीस बोनेट उघडून चार गोष्टी तपासाव्यात: निचऱ्याचे छिद्र मोकळे आहे का, झाकणाच्या सगळ्या क्लिपा बसतात का, फिल्टरच्या कडेचे रबर कडक झाले आहे का, आणि तोंडापासून बॉक्सपर्यंतची नळी कोठे निसटली आहे का. सर्व्हिसिंगनंतर एखादी क्लिप नीट न लावलेली आढळणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही. वरून येणाऱ्या पाण्यासाठी शहरी मोटारीला एवढे पुरते.

दुसरा पर्याय म्हणजे फिल्टरवर किंवा तोंडावर चढवायचे पाणी झटकणारे कापडी आवरण. ही कल्पना आपल्याकडे ऑफ-रोड मोटारसायकलींमुळे रुजली. थंड प्रदेशांत बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलवर अशी जाळी पूर्वीपासून वापरतात. तेथील परिस्थिती मात्र वेगळी आहे. बर्फात धूळ जवळजवळ नसते, त्यामुळे अनेक स्नोमोबाइलना मोटारीसारखा कागदी फिल्टर नसतोच. हवेच्या झरोक्यांवरील जाळीने भुसभुशीत बर्फ अडवला की काम झाले. पुण्यात मे महिन्यात धूळ आणि जुलैमध्ये पाणी असा दुहेरी मारा असतो. येथे आवरण फिल्टरची जागा घेऊ शकत नाही, ते फिल्टरच्या जोडीलाच हवे. शिवाय चिखलाचा थर बसला की तेच आवरण हवा कोंडू लागते, म्हणून ते काढून धुण्याची तयारी असेल तरच घ्यावे. तुषारांपुरते ते उत्तम आहे; पाण्यात बुडाले तर मात्र इंजिनाच्या ओढीपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

मोटारसायकलचा मूळ बॉक्स काढून उघडा शंकूसारखा फिल्टर बसवण्याची हौस असलेल्यांनी पावसाळ्यात तो बेत सोडून द्यावा. उघड्या फिल्टरवर सर्वोत्तम आवरण चढवले, तरी त्याला बंद बॉक्सची सर येत नाही.

राहिला स्नॉर्कल. हवेचे तोंड छताच्या पातळीला नेणे हा खालून येणाऱ्या पाण्यावरचा एकमेव खरा उपाय आहे, आणि उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या धुळीपासून मिळणारी सुटका हा त्याचा दुर्लक्षित लाभ आहे. परंतु पाण्यापासूनचे संरक्षण नळीच्या प्रत्येक सांध्यावर अवलंबून असते. स्नॉर्कल बसवल्यावर मूळ बॉक्सचे निचऱ्याचे छिद्र तसेच उघडे ठेवले, तर बोनेटखाली पाणी चढताच ते तेथूनच आत ओढले जाते. अशा वेळी एकाच दिशेने उघडणारी रबरी झडप बसवावी लागते. स्नॉर्कलचा पुढे तोंड असलेला माथा महामार्गावर पाऊसही गोळा करतो, म्हणून माथ्याच्या तळाशी निचऱ्याच्या फटी आहेत का हे पाहूनच माल निवडावा. हिवाळ्यात स्पितीकडे जाणाऱ्यांनी फिरवता येणारा माथा घ्यावा, कारण बर्फ पडत असताना तो मागे वळवून ठेवणे इष्ट असते.

तरीही स्नॉर्कल म्हणजे पाण्यात शिरण्याचा परवाना नव्हे. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा कारखान्यातूनच स्नॉर्कलसह येते, आणि तिची पाण्यात उतरण्याची जाहीर मर्यादा ७०० मिलिमीटर आहे. स्नॉर्कलशिवाय येणाऱ्या महिंद्रा थारची ६५० मिलिमीटर. हा फरक अवघ्या पाच सेंटिमीटरचा आहे, कारण मर्यादा केवळ हवेच्या तोंडावर ठरत नाही. डिफरेन्शिअल (चाकांना जोर वाटून देणारा भाग) आणि गिअरबॉक्सचे श्वासनळे (आतली हवा ये-जा करणाऱ्या बारीक नळ्या), बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, विजेची जोडणी, आणि वाहत्या पाण्यात गाडीचे तरंगू लागणे, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. नंतर स्नॉर्कल बसवणाऱ्याने निदान हे श्वासनळे तरी वर घ्यावेत. ते न करता केलेला खर्च बराचसा शोभेचा ठरतो.

बसवण्यासाठी पत्र्याला भोक पाडावे लागते आणि ते परत बुजत नाही. वॉरंटीबाबत कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई आहे, त्यामुळे आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधीच विचारणा करणे शहाणपणाचे. त्या दृष्टीने कारखान्यातून आलेला स्नॉर्कल कमी कटकटीचा.

तेव्हा रोज कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या हॅचबॅक किंवा सेदानच्या मालकाने मूळ बॉक्सची निगा राखावी आणि उरलेल्या पैशांत विम्यावर इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी, कारण साध्या पॉलिसीत पाण्यात गाडी चालवल्याने झालेले इंजिनाचे नुकसान सहसा धरले जात नाही. रस्त्यावरचे पाणी इतर गाड्यांच्या चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे लहान मोटारीत साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत, दिसत असेल तर मागे फिरावे. समोरून जाणाऱ्या पीएमपी बसची लाट हवेच्या तोंडापर्यंत चढायला तेवढे पाणी पुरेसे असते. पावसात नेहमी मातीच्या वाटा धरणाऱ्या मोटारसायकलस्वाराने बंद बॉक्स आणि धुता येणारे आवरण ही जोडी निवडावी. मुळशी-वेल्ह्याकडचे ओढे खरोखर ओलांडावे लागणाऱ्या चारचाकीवाल्यानेच स्नॉर्कलचा विचार करावा.

उभ्या गाडीसाठी यांतील कोणताही पर्याय निर्णायक नाही. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तशा वेळी पार्किंगमधील बंद इंजिन हवा ओढत नसते. आत झिरपलेले पाणी सिलिंडरमध्ये दाबले जाते ते कोणी तरी सेल्फ मारतो तेव्हा. पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवू नये, बॅटरीची तार सोडावी आणि गाडी टो करून गॅरेजला न्यावी. तेथे स्पार्क प्लग, किंवा डिझेल गाडीचे इंजेक्टर, काढून पाणी बाहेर आल्याची खात्री झाल्यावरच इंजिन फिरवू द्यावे.