‘फिक्स्ड’ म्हणून गळ्यात मारलेलं मागचं चाक

गिअर काढून सिंगल स्पीड केलेली जुनी रोड बाइक ‘हिवाळ्यासाठी तयार’ म्हणून विकायला आली, की नवी टेप आणि ताजा रंग सोडा, आधी मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बघा. फसवणूक तिथे होते.

विक्रेता सांगतो, सायकल फिक्स्ड आहे, म्हणजे चाकाबरोबर पेडलही फिरतच राहतात, पेडल आवरलं की चाक आवरतं, म्हणून मागचा ब्रेक काढून टाकला. घेणाऱ्याला ते पटतं, कारण फिक्स्डसाठीच बनवलेल्या खऱ्या ट्रॅक हबवर पायांनी वेग आवरता येतोच. त्या हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. मोठ्या पायरीवर (व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे) कॉग, म्हणजे चेन फिरवते ते दातेरी चक्र, बसतो. बाहेरच्या लहान पायरीवर, साधारण १.२९ इंचाच्या, कॉगला जागेवर धरणारी लॉकरिंग असते आणि तिचे आटे उलटे असतात. पायांनी मागे जोर दिला की कॉग सुटू बघतो, पण त्याच ओढीने लॉकरिंग जास्त आवळली जाते.

विकलेल्या चाकात मात्र जुना फ्रीव्हीलचाच (पेडल थांबवली तरी चाक फिरू देणाऱ्या चक्राचा) हब निघतो. त्याचेही आटे बहुधा १.३७ इंच, २४चे, त्यामुळे ट्रॅक कॉग मुकाट्याने चढतो. त्यावर बॉटम ब्रॅकेटची (पेडलच्या धुरीच्या सांध्याची) लॉकरिंग आवळून देतात, कारण तिचेही आटे तेच. आता कॉग आणि रिंग दोन्ही एकाच दिशेने घट्ट होतात आणि एकाच दिशेने सुटतात. कधी आट्यांत ते चिकटवून धरणारं लॉकिंगचं औषध भरलेलं असतं. ते किती धरेल याचा भरवसा नाही. सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून काहीच कळत नाही. ओल्या उतारावर पाय जोरात आवरले की कॉग सुटतो, पेडल रिकामी फिरतात आणि मागे ब्रेक नसतो. पुढचा असतो, पण रिम क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाची असेल तर ओली झाल्यावर त्याचाही फारसा उपयोग नाही. रिमला चुंबक लावून बघा. चिकटला तर पोलाद.

म्हणून लॉकरिंग समोर सोडवायला लावा. चेनच्या बाजूने बघताना ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटली आणि खाली लहान पायरी दिसली, तर हब खरा. ‘चालवून बघा ना, उघडता कशाला?’ असं उत्तर आलं तर तिथूनच परता.

ब्रेक काढण्यामागे दुसरंही एक कारण असतं, आणि ते जास्त बेरकी आहे. चेन सरळ यावी म्हणून एक्सलवरचे (चाकाच्या धुरीवरचे) स्पेसर, म्हणजे अंतर राखणाऱ्या चकत्या, उजवीकडून डावीकडे हलवावे लागतात. त्याने हब आणि रिम दोन्ही उजवीकडे सरकतात. मग उजवे स्पोक ढिले करून डावे ओढायचे आणि रिम पुन्हा मध्यावर आणायची, पण हे वेळखाऊ काम टाळतात. ब्रेक असता तर रिम एका पॅडला घासली असती. ब्रेकच नाही, तर कळणार कसं? टायर आणि दोन्ही चेनस्टे (मागच्या चाकाच्या दोन बाजूंचे फ्रेमचे खालचे दांडे) यांमधली फट बघा. चेनची रेषाही मोजा. फ्रेमच्या मध्यापासून चेनपर्यंत पुढे आणि मागे अंतर सारखं हवं, साधारण ४२ मिमी. फार फरक पडला तर चेन उतरते, आणि फिक्स्डवर उतरलेली चेन चाक जाम करू शकते.

ड्रॉपआउटची, म्हणजे मागच्या चाकाची धुरी बसते ती, खाच उभी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणताच येत नाही. त्यावर चेन ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर लावून फिक्स्ड विकत असतील तर तो शुद्ध खोटेपणा, कारण पाय मागे आवरताच चेनचा खालचा भाग ताणला जातो आणि टेन्शनर मोडतो.

सायकल घेऊन झालीच असेल, तर तो हब फेकू नका. फ्रीव्हीलसाठी तो चांगलाच आहे. कॉग आणि रिंग उतरवा, आटे शाबूत आहेत का बघा, ग्रीस लावून १८ दात्यांचं सिंगल फ्रीव्हील चढवा. पुढे ४२ दाते असले तर हिवाळी वाऱ्यात ते बरं पडतं. रिम मध्यावर घ्या, दोन्ही ब्रेक लावा, चेन मधोमध वरखाली अर्धा इंच हलेल इतकीच ताणा. फ्रीव्हीलच्या आत मात्र जाड ग्रीस भरू नका. कडाक्याच्या थंडीत ते गोठून आतले खटके अडकतात आणि पेडल पुढे मारूनही चाक फिरत नाही. पातळ तेल पुरतं.