जुनी इंपोर्टेड गाडी घेताय? आधी उद्यमनगरातल्या मेस्त्रींना दाखवा

कोल्हापुरात गाड्यांचं वेड किती आहे हे सांगायला नको, रविवारी सकाळी कागलच्या बाजूला हायवेवर जाऊन उभं राहिलं की समजतं. पुण्यामुंबईतनं, बेंगळुरातनं सेकंडहँड इंपोर्टेड गाड्या आता इकडं बऱ्याच यायला लागल्यात, त्यात चांगल्या पण आहेत आणि वरनं एक आतनं एक अशा पण आहेत. म्हणून हा रिव्ह्यू सविस्तर लिहितोय, कारण आमच्या घरातले सोळा लाख रुपये एका माणसामुळं वाचले आणि पुढं त्याच माणसानं दुसरी गाडी बघितली ती आज आमच्या दारात आहे.

शिवाजी उद्यमनगरात मागच्या बोळात या मेस्त्रींचं गॅरेज आहे. नाव टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, आहे तेवढंच काम झेपत नाही म्हणतात, तरी कुणाला खरंच गरज असेल तर मला मेसेज करा. काम एकच, तुम्ही घेणार असलेली गाडी खरी आहे का खोटी हे बघून देणं. फी ५००० रुपये, बाहेरगावी जायचं असलं तर पेट्रोल आणि जेवण वेगळं. गाडी विकणाऱ्याकडनं ते एक रुपया घेत नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त हेच आवडलं.

पहिली गाडी मावसभावाला घ्यायची होती, मित्सुबिशी इव्हो नाइन (रॅलीसाठी गाजलेली टर्बो, फोर व्हील ड्राइव्ह गाडी) म्हणून पुण्याच्या एका डीलरनं दाखवलेली. लाल रंग, मागं मोठा स्पॉयलर, बॉनेटला व्हेंट, आवाज असा की पोरगं जागेवर पाघळलं. डीलर म्हणाला युकेवरनं परत आलेल्या एकानं सोबत आणलेली गाडी आहे. भाऊ टोकन द्यायला निघाला होता, मी म्हटलं थांब, एकदा मेस्त्रींना दाखवू.

मेस्त्रींनी गाडी सुरूच करू दिली नाही. "पावणं, आवाज नंतर ऐकू, आधी आरसी दावा." आरसीवर सीसी लिहिलेली होती १९९९. मेस्त्री म्हणाले इव्होचं ४जी६३ इंजिन १९९७ सीसीचं असतंय, १९९९ सीसीचं इंजिन सेडियाचं. दोन सीसीचा फरक, कुणी बघतपण नाही. सेडिया म्हणजे हिंदुस्तान मोटर्सनं इथं विकलेली मित्सुबिशीची साधी सेडान, आणि इव्हो सात ते नऊ त्याच बॉडीवर बेतलेल्या असल्यामुळं बंपर, स्पॉयलर, बॉनेट सगळं बसवता येतं. बघणाऱ्याला बाहेरनं काय कळणार?

मग खिशातनं एक छोटा लोहचुंबक काढला, त्याला फडकं गुंडाळलेलं, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून. बॉनेटला लावला, खट्टकन चिकटला. पुढच्या फेंडरला लावला, चिकटला. खऱ्या इव्हो नाइनचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे असतात, तिथं चुंबक धरायलाच नको. नंतर गाडी जॅकवर घेतली आणि भावाला बॅटरी देऊन खाली बघायला लावलं. मागच्या दोन चाकांच्या मधी डिफरन्शियल नाही, पुढनं मागं येणारा शाफ्ट नाही, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह नाहीच. पुढच्याच चाकांवर चालणाऱ्या सेडियाला टर्बो बसवून, बॅज लावून सोळा लाख सांगितले होते. भाऊ उठला तो तसाच गप्प उभा राहिला, बिचाऱ्याला बोलायला सुचेना.

चेसिस नंबर तर शेवटी बघितला. जपानमध्येच विकायला बनलेल्या गाडीला आपल्यासारखा १७ अक्षरांचा नंबर नसतो, मॉडेलचा कोड आणि पुढं आकडे एवढंच असतं, इव्हो नाइनला सीटी९ए, निसान स्कायलाइन जीटी-आर ३२ ला बीएनआर३२, टोयोटा सुप्राला जेझेडए८०. बाहेर देशात विकायला बनलेल्या गाडीला मात्र १७ अक्षरं असतात आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, एक-शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. नंबरात ओ दिसला की विषय तिथंच संपला. शिवाय नंबराच्या आजूबाजूला घासल्याच्या खुणा आहेत का, तिथला रंग जाड आहे का, अक्षरं एका ओळीत आहेत का हे ते बोट फिरवून बघतात, भिंग लावून बघतात. सीटबेल्टच्या खाली पट्टीवर तारीख छापलेली असते आणि काचांवर वर्षाचा मार्क असतो, तो गाडीच्या वर्षाशी जुळतोय का हे पण बघतात.

लोखंड झालं, आता कागद. मला वाटतं खरा धोका इथंच आहे, कारण लोखंड खोटं निघालं तर निदान पैसेच जातात, कागद खोटे निघाले तर पैसे पण जातात आणि गाडी पण. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टम्सनी ऑपरेशन नुमखोर नावानं धाडी टाकल्या, भूतानमार्गे आणलेल्या गाड्या, खोट्या कागदांवर इथले नंबर घेतलेल्या, आणि ज्यांच्या दारात त्या सापडल्या त्यांच्या दारातनं त्या उचलल्या. तुम्ही भोळेपणानं घेतली असली तरी ड्युटी न भरलेली गाडी कस्टम्स जप्त करू शकतं, मग वकिलाच्या मागं फिरत बसा.

मेस्त्री आणि त्यांचा पोरगा (पोरगा लॅपटॉपवरचं सगळं बघतो, हुशार आहे) पहिला प्रश्न विचारतात, गाडी कंपनीनं आणली का माणसानं? कंपनीनं आणून शोरूममधनं विकलेली असेल, निसान जीटी-आर किंवा मस्टँग जीटीसारखी (दोन्ही २०१६ ला अधिकृतपणे इथं आल्या), तर कस्टम्सचे कागद कंपनीकडं असतात, आपण पहिल्या मालकाचं शोरूमचं बिल आणि सर्व्हिस हिस्टरी मागायची. पण माणसानं स्वतः आणलेली असेल तर बिल ऑफ एंट्री (आयात करताना कस्टम्सकडं भरलेला कागद) पाहिजेच, ड्युटी भरल्याची पावती पाहिजेच, आणि त्या बिलाचा नंबर, तारीख, बंदर टाकून कस्टम्सच्या आइसगेट वेबसाईटवर ते खरंच आहे का ते बघता येतं. बिलावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षराला अक्षर जुळला पाहिजे. "ओरिजिनल पेपर मालकाकडं आहेत, नंतर देतो" म्हणणाऱ्याला तिथंच रामराम करायचा.

अजून एक गोष्ट कळली जी मला आधी माहिती नव्हती. वापरलेली गाडी बाहेरनं भारतात आणायची तर (विंटेज गाड्या सोडल्या तर) ती बनल्यापासनं तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडं पाहिजे, आणि अशा गाड्या मुंबई बंदरातनंच येऊ शकतात. म्हणजे १९९० च्या दशकातली स्कायलाइन कुणी "गेल्या वर्षी जपानवरनं आणली" म्हणून विकत असेल तर ती कशी आली हे तुम्हीच विचार करा. कार्नेटवर आलेल्या गाड्या तर फिरायला तात्पुरत्या आलेल्या असतात, त्या परत जायच्याच असतात, त्या विकायला निघाल्या की तिथंच गडबड.

त्यानंतर सरकारच्या वाहन पोर्टलवर हायपोथिकेशन (गाडीवर कर्ज आहे का), इन्शुरन्स, कितवा मालक, ब्लॅकलिस्ट हे सगळं बघतात. पण पोर्टलवर नोंद आहे म्हणजे गाडी साफ आहे असं अजिबात नाही, खोट्या कागदांवर झालेली नोंद पण तिथं तशीच दिसते. पाँडिचेरी पासिंगच्या गाडीला ते जास्त वेळ घेतात, तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ आला का, एमएच ०९ घ्यायचा तर इथं टॅक्स किती बसेल हे आधी हिशोब करून देतात. भावाच्या मित्राला एका गाडीचा हा आकडा ऐकून गाडीच सोडावी लागली, पण निदान आधी कळलं.

आता दुसरी गाडी. इव्होचं भूत उतरल्यावर भावानं स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ बघितली, २०२० ला कंपनीनं पूर्ण बनवलेली आणून भारतात फक्त २०० विकल्या त्यातली. हिच्या पण डुप्लिकेट आहेत, साध्या १.८ लिटर इंजिनच्या ऑक्टाव्हियाला आरएसचे बंपर आणि काळी ग्रिल लावायची. मेस्त्रींनी डिकीतलं कार्पेट उचललं, स्टेपनीच्या खड्ड्यात एक पांढरा स्टिकर असतो, त्यावर चेसिस नंबर, रंगाचा कोड आणि इंजिनची ताकद किलोवॅटमध्ये छापलेली असते. १८० किलोवॅट म्हणजे २४५ पीएस. साध्या १.८ ला तिथं १३२ असतं. आमच्यावर १८० होतं, आणि सर्व्हिस बुकातल्या स्टिकरशी नंबर जुळला, मग डायग्नोस्टिक मशीन लावून सगळ्या कंट्रोल युनिटमधला नंबर एकच आहे का ते बघितलं. रंगाची जाडी मोजायच्या मीटरवर उजव्या मागच्या दरवाजाला ३०० मायक्रॉनच्या वर आकडा आला, बाकी सगळीकडं १२०-१३०, म्हणजे तो दरवाजा लांबी (पुट्टी) भरून रंगवलेला. मालकानं मान्य केलं, पार्किंगमध्ये खांबाला घासलेला, त्यावर भाव कमी झाला. भाऊ त्या दिवसापासनं गाडी धुताना रोज त्या दरवाजावर हात फिरवतोय.

कमी काय ते पण सांगतो. छापील रिपोर्ट देत नाहीत, वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवतात, अक्षर वाचायला अवघड. कंपन्यांच्या चेकिंगसारखं दोनशे पॉइंट वगैरे नाही, एसी थंड आहे का, म्युझिक सिस्टीम चालते का हे ते बघतच नाहीत, ते तुमचं तुम्ही बघा. फेरारी, लॅम्बोर्गिनीला हात लावत नाहीत, मला त्यातलं कळत नाही म्हणून सरळ सांगतात आणि ते मला बरंच वाटलं. आणि वेळ लागतो, अर्ध्या तासात होणारं काम नाही, डीलर घाई करत असला तर ते गाडीला हात न लावता परत येतात, फी पण घेत नाहीत.

ज्यांना न्यायचंय त्यांनी आरसी, इन्शुरन्स आणि बिलाच्या झेरॉक्स आधीच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, पोरगा आदल्या दिवशी बघून ठेवतो आणि बऱ्याचदा गाडी बघायला जायची गरजच पडत नाही. फोन सकाळी अकराच्या आत करा, त्यानंतर मेस्त्री गाडीखाली असतात. सोमवारी बंद.