भोसरीतलं पॉवर स्टेअरिंगचं गॅरेज: रॅक बदलायच्या आधी इथे दाखवाच

आमची सँट्रो झिंग, हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगवाली, म्हणजे पंपाने दाबलेल्या ऑइलच्या जोरावर स्टेअरिंग हलकं होतं ती. पार्किंगमध्ये लावताना स्टेअरिंग एकदम जड व्हायचं आणि सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज, रेस दिली की अजून वाढायचा. आधी जिथे दाखवली तिथे बघितल्या बघितल्या सांगून टाकलं, रॅक (स्टेअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारा भाग) गेलाय, अख्खी असेंब्ली बदला. स्टेअरिंग ऑइलच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही कुणी. मग सोसायटीतल्या एकाने भोसरी एमआयडीसीतल्या ह्या छोट्या गॅरेजचं नाव सुचवलं, इथे फक्त स्टेअरिंगचीच कामं होतात.

मिस्त्रींचा पहिलाच प्रश्न, दोन्ही बाजूंना सारखंच जड आहे का एकाच बाजूला? एकाच बाजूला वळवताना जड असेल तर संशय रॅकमधल्या व्हॉल्व्हवर नाहीतर सीलवर, दोन्हीकडे असेल तर आधी ऑइल, पंप फिरवणारा बेल्ट आणि पंप बघायचं, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. मग टायरची हवा चेक केली, पुढची चाकं जॅकवर उचलून इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग फिरवलं, कुठेच अडकत नव्हतं म्हणजे कॉलम (स्टेअरिंगचा दांडा) आणि बॉल जॉइंट (चाकांकडचे सांधे) ठीक. बेल्ट टाइट होता, रॅकचे रबरी बूट (टोकांवरची रबरी आवरणं) दाबून बघितले तर आतून कोरडे, म्हणजे रॅकच्या सीलमधून ऑइल गळत नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग डावी-उजवी फिरवायला लावलं आणि म्हणाले, "आता डब्यात बघा दादा." ऑइलवर ताकासारखा फेस! आणि इंजिन बंद केल्याबरोबर डब्यातली लेव्हल चक्क वर चढली. हवा दाबली जाते, ऑइल जवळपास दाबलं जात नाही, त्यामुळे प्रेशर गेलं की आत अडकलेली हवा फुगते आणि लेव्हल वर ढकलते. म्हणजे सिस्टीममध्ये हवा शिरतेय हे नक्की झालं, आवाज आणि जडपणा दोन्ही त्याचेच. पण खाली एक थेंब ऑइल गळत नव्हतं, मग हवा येते कुठून? तर डब्यातून पंपाकडे जाणारा पाइप हा ओढणाऱ्या बाजूचा, त्याला चीर पडली की इंजिन चालू असताना ऑइल बाहेर यायच्या ऐवजी पंप हवाच आत खेचतो. पाइप काढून वाकवून दाखवला, क्लॅम्पच्या खाली रबर कडक होऊन बारीक भेगा पडल्या होत्या, वरून बघून कधीच कळलं नसतं.

नवा पाइप, नवा क्लॅम्प, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग लॉक टू लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू फिरवत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हवा काढली. प्रेशर मीटर त्यानंतरच लावला, कारण फेस असताना रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही. मीटर बसतो पंप आणि रॅकच्या मध्ये, त्याला पुढे एक व्हॉल्व्ह असतो, तो बंद केला की फक्त पंपाची ताकद दिसते. बंद ठेवायचा पण अगदी दोन-चार सेकंद, जास्त ठेवला तर पंपच खराब होतो. व्हॉल्व्ह बंद असताना प्रेशर ७० बारच्या पुढे आलं. मग व्हॉल्व्ह उघडून फुल लॉकला धरलं, तरी काटा जवळपास तिथेच. इथे जर प्रेशर पडलं असतं तर रॅकच्या आतून लीक आहे असं धरायचं. म्हणजे पंपही चांगला आणि ज्या रॅकसाठी हजारो रुपये घालायला सांगत होते तो रॅकही चांगला!

बिल रॅकच्या कोटेशनच्या जवळपाससुद्धा नाही, जुना पाइप पिशवीत घालून परत दिला. स्टेअरिंग आता एका हाताने फिरतं, आईसुद्धा गाडी काढायला लागली परत.

कमी काय म्हणाल तर जागा फार अरुंद आहे, बसायला एकच बाक, आणि घाई असेल तर जाऊ नका, अर्धा दिवस धरून चाला. रॅक खरंच गेला असेल तर हे लोक तो स्वतः उघडत नाहीत, बाहेर पाठवतात. इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या गाड्या घेत नाहीत, तेव्हा नवी गाडी असेल तर चक्कर वाया जाईल. जुनी सँट्रो, अ‍ॅक्सेंट, सफारी, स्कॉर्पिओ असल्या हायड्रॉलिकवाल्यांनी बिनधास्त जा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. गुरुवारी बंद असतं, फोन करूनच निघा.