रूम-फ्लॅटमेट अ‍ॅपसाठी एडब्ल्यूएस मुंबई रीजन : रिव्ह्यू (५ पैकी ४)

पुण्यात रूम, फ्लॅटमेट, कॉट बेसिस जुळवून देणारं अ‍ॅप आमची छोटी टीम चालवते आणि ते सगळं एडब्ल्यूएसच्या (अॅमेझॉनची भाड्याने सर्व्हर देणारी क्लाउड सेवा) मुंबई रीजनवर, म्हणजे मुंबईतल्या डेटा सेंटरांवर आहे. रिव्ह्यू मुद्दाम लिहितोय, कारण असं काही बनवायचं म्हटलं की लोक पहिल्याच दिवशी कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणारी किचकट यंत्रणा) आणि डझनभर मायक्रोसर्विसेस (एकाच कामाचे सुटे सुटे छोटे प्रोग्रॅम) घेऊन बसतात, आणि कर्वेनगरमध्ये कॉट शोधणाऱ्या पोराला त्याचा काडीचा उपयोग नसतो.

रीजन २०१६ पासून आहे, तीन अ‍ॅव्हेलेबिलिटी झोन (एकमेकांपासून वेगळी ठेवलेली डेटा सेंटरं) आहेत, डेटा देशातच राहतो. स्पीड उत्तम.

सगळ्यात जास्त पैसे वसूल होतात ते आरडीएसवरच्या (एडब्ल्यूएस स्वतः सांभाळून देते ती डेटाबेस सेवा) पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. त्यात पोस्टजीआयएस (नकाशावरची जागा आणि अंतर समजणारी जोडणी) चालू करता येतं, मग "कॉलेजपासून ३ किलोमीटरच्या आत, भाडं इतकं, फक्त मुलींसाठी, व्हेज" हे सगळं एकाच क्वेरीत बसतं, जागेच्या कॉलमवर जिस्ट इंडेक्स (जागेनुसार शोध झटपट करणारी सूची) टाका आणि अंतर मीटरमध्ये हवं असेल तर जिऑग्राफी टाइप घ्या, वेगळं सर्च इंजिन सुरुवातीला अजिबात लागत नाही. आणि शेवटची एकच कॉट उरलीये आणि दोघं एकदम टोकन भरतायत, तेव्हा रो (त्या कॉटची नोंद) लॉक करून एकालाच देणं हे काम पोस्टग्रेस इतकं चोख करतं की मी दुसरीकडे जाणारच नाही. जून-जुलैत अ‍ॅडमिशनच्या गर्दीत रीड रेप्लिका (डेटाबेसची फक्त वाचण्यासाठीची प्रत) जोडायची, पण बुकिंगच्या वेळी कॉट शिल्लक आहे का हे मेन डेटाबेसलाच विचारायचं, कारण रेप्लिका थोडी मागे असते आणि भरलेली रूम रिकामी दाखवू शकते.

फोटोंसाठी एसथ्री, म्हणजे एडब्ल्यूएसची फाइल साठवायची सेवा. मालकाच्या मोबाईलमधून प्रीसाइन्ड यूआरएलने (थोड्या वेळापुरती परवानगी असलेली लिंक) फोटो थेट तिकडे जातो, आपल्या सर्व्हरवर लोड येत नाही, मग लॅम्ब्डा (गरज पडेल तेव्हाच आपला कोड चालवणारी सेवा) तो बारीक करतं. एक गोष्ट मात्र कराच, त्याच लॅम्ब्डामध्ये फोटोतली जीपीएस माहिती पुसून टाका! मोबाईलच्या फोटोत बऱ्याचदा घराचं अचूक लोकेशन असतं, आणि एकट्या राहणाऱ्या मुलीने फ्लॅटमेट शोधायला टाकलेला फोटो असेल तर हे किती गंभीर आहे ते वेगळं सांगायला नको. नकाशावरसुद्धा अंदाजे जागाच दाखवायची, पूर्ण पत्ता दोन्ही बाजूंनी हो म्हटल्यावर.

खरं मॅचिंग उलट्या बाजूने चालतं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नवीन रूम आली की ती कोणाच्या सेव्ह केलेल्या अपेक्षांत बसते हे शोधायचं आणि त्यांना लगेच कळवायचं, कारण चांगली रूम संध्याकाळपर्यंत टिकत नाही. हे काम एसक्यूएस (एडब्ल्यूएसची मेसेजची रांग) रांगेत टाकून मागे वर्करने (मागच्या मागे चालणारा प्रोग्रॅम) करायचं, म्हणजे मालकाला लिस्टिंग टाकताना थांबावं लागत नाही. स्टँडर्ड रांगेत एकच मेसेज दोनदा येऊ शकतो, म्हणून युजर आणि रूम या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दुसऱ्यांदा होऊ न देणारा डेटाबेसचा नियम) लावा, नाहीतर एकाच रूमची नोटिफिकेशन दोनदा जातील आणि लोक वैतागून अ‍ॅप काढून टाकतील.

एक स्टार बिलासाठी कापला. नॅट गेटवेला (आतल्या सर्व्हरांना बाहेर जायचा रस्ता) तासाचे वेगळे आणि जीबीचे वेगळे पैसे लागतात, प्रायव्हेट सबनेटमधून (बाहेरून थेट पोचता न येणारं आतलं नेटवर्क) एसथ्रीला जाणारा ट्रॅफिक तिकडून गेला की छोट्या टीमला ते जड जातं, आणि एसथ्रीसाठीचा गेटवे एंडपॉइंट (नॅट गेटवे टाळून थेट एसथ्रीला जायचा रस्ता) फुकट असतो हे नवख्याला कोणी आपणहून सांगत नाही. मल्टी-एझेडमध्ये (डेटाबेसची दुसरी प्रत वेगळ्या झोनमध्ये ठेवणं) साध्या प्रकारात स्टँडबायचेही, म्हणजे मेन बंद पडला तर लागणाऱ्या राखीव डेटाबेसचेही, पूर्ण पैसे, पण तो वाचनासाठी वापरता येत नाही. तरी टोकनचे पैसे हाताळत असाल तर तो घ्याच. आणि बजेट अलर्ट अकाउंट उघडल्या उघडल्या लावा.