दांडी बीचवरचं स्कूबा: पाण्यातल्या खुणा पाण्यातच शिकवणारा ट्रेनर

मालवणला मी दोनदा स्कूबा केलं, दोन वेगवेगळ्या लोकांकडे, म्हणून हा रिव्ह्यू दोन्हीचा धरा.

गेल्या वर्षी ज्यांच्याकडे गेले त्यांनी जेट्टीवर उभं करून पाच मिनिटांत सगळ्या खुणा सांगितल्या. अंगठा वर म्हणजे वर चला, अंगठा नि बोट जोडून गोल केला की ठीक आहे, पंजा आडवा हलवला की काहीतरी गडबड आणि मग जिथे त्रास तिकडे बोट. तिथे उभ्या उभ्या पाठ झालं पण. खाली गेले, कान दुखायला लागला, आणि एक खूण आठवेना. घाबरून नुसते हात हलवत राहिले, शेवटी तिथल्या ट्रेनरने वर आणलं आणि माझं स्कूबा तिथेच संपलं.

यावेळी डिसेंबरात दांडीवरून गेलो. या ट्रेनर दादाने वाळूत फारसं काही सांगितलंच नाही, थेट कमरेएवढ्या पाण्यात नेलं, मास्क लावला, रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं नळीचं तोंड, तोंडात दिला आणि डोकं पाण्याखाली घालून प्रत्येक खूण आमच्याकडून चार-चार वेळा करून घेतली. असं का म्हणून विचारलं तर म्हणाला, "ताई, वाळूत शिकवललां पाण्यात इसारतत सगळे."

मी कुडाळला बी.ए.च्या मुलांना मानसशास्त्र शिकवते. हे वाक्य ऐकून अंगावर काटाच आला, कारण ॲलन बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी डंकन गॉडन यांच्यासोबत १९७५ साली नेमकं हेच तपासलं होतं. स्कॉटलंडमधल्या ओबानजवळच्या समुद्रात, युनिव्हर्सिटीच्या डायव्हिंग क्लबमधले १८ जण घेऊन. ३६ शब्दांची यादी कधी किनाऱ्यावर ऐकवायची कधी पाण्याखाली, आणि मग आठवायलाही कधी इथे कधी तिथे लावायचं. किनाऱ्यावर ऐकलेले शब्द किनाऱ्यावर सरासरी १३.५ आठवले, पाण्याखाली ८.६. पाण्याखाली ऐकलेले पाण्याखाली ११.४, वर आल्यावर ८.४. म्हणजे जागा बदलली की आठवण कमी, मग शिकलेला कुठेही असो.

आता गंमत पुढे आहे. १९८० ला याच दोघांनी परत बघितलं, पण यावेळी शब्द आपणहून आठवायचे नव्हते, समोर आलेला शब्द आधीच्या यादीतला आहे का एवढंच ओळखायचं होतं, तर जागेने काही फरकच पडला नाही. माझी गेल्या वर्षीची गोष्ट इथे मला कळली. तेव्हाच्या ट्रेनरने केलेली खूण मी ओळखत होते की, अडलं ते माझी खूण मला काढायची होती तिथे. म्हणून खुणा नुसत्या बघून उपयोग नाही, स्वतः पाण्यात करून बघितल्याच पाहिजेत.

हेही सांगायला हवं की २०२१ मध्ये याप मुरे या डच मानसशास्त्रज्ञांनी १९७५ चा प्रयोग परत केला तेव्हा तो फरक सापडला नाही, म्हणजे विषय अजून मिटलेला नाही. मी वर्गात दोन्ही सांगते. बॅडलींचं मोठेपण तेवढ्या एका प्रयोगावर नाहीच, ग्रॅहम हिच यांच्यासोबत १९७४ ला मांडलेलं वर्किंग मेमरीचं, म्हणजे हातातलं काम करताना माहिती थोडा वेळ डोक्यात धरून ठेवण्याचं, मॉडेल घेतल्याशिवाय आजही कुठे स्मृतीचा धडा पुरा होत नाही. पण मला विचाराल तर समुद्रात उतरून स्मृती तपासणारा माणूस म्हणूनच ते जास्त आवडतात.

बाकी सर्व्हिस: बोटीत गर्दी नव्हती, एका माणसामागे एक ट्रेनर, खाली मला परत कान दुखला, पंजा हलवला, कानाकडे बोट केलं, दादाने लगेच थोडं वर घेतलं, नाक दाबून हवा ढकलायला लावली, कान मोकळा झाला आणि परत खाली. मग मासे काय दिसलेत, पिवळ्या पट्ट्यांचा अख्खा थवा तोंडासमोरून गेला. मास्क एकदा गळत होता तो न कुरकुरता बदलून दिला. कपडे बदलायची खोली मात्र फार लहान आणि ओली, बायकांसाठी नीट कडी तरी लावा. व्हिडिओ यायला दोन दिवस लागले.

पाच पैकी साडेचार. सकाळची पहिली बोट घ्या, नंतर वारा सुटतो आणि पाणी गढूळ व्हायला लागतं, आणि बुकिंग करतानाच विचारा की खुणा पाण्यात उतरवून शिकवणार ना.