नळी की काढा? मणक्याच्या दुखापतीनंतर लघवीचा प्रश्न

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ खिडकीला कूलर बसवताना पहिल्या मजल्यावरून पडला. डी-१० चा, म्हणजे पाठीच्या छातीमागच्या भागातला दहावा मणका मोडला. पाय गेले हे दुसऱ्याच दिवशी कळलं. लघवीचं नेमकं काय झालंय हे डोक्यात शिरायला मात्र दोन महिने गेले. आता ओळखीत कुणालाही मणक्याचा मार बसला की मला फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, आयुर्वेदानं नळी सुटते का?" नळी म्हणजे लघवी काढायला मूत्राशयात घालतात ती, कॅथेटर.

तुटलेला मज्जारज्जू (मणक्यांच्या आतून जाणारी नसांची दोरी) जोडणारं औषध आयुर्वेदातही नाही आणि ॲलोपॅथीतही नाही. त्यामुळे नळी सुटण्याच्या आशेवर काढा सुरू करू नका. पण आयुर्वेदाचं काहीच काम नाही असंही मी म्हणणार नाही. त्याचं काम दुसरीकडे आहे, तिकडे येतोच.

आधी बिघाड कोणता ते बघा. लघवीचं केंद्र मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाला, डॉक्टर ज्याला एस-२ ते एस-४ म्हणतात त्या भागात असतं. मार त्याच्या वर बसला तर मूत्राशय मनाला येईल तेव्हा आवळतं आणि अनेकदा त्याच क्षणी खालची झडपही घट्ट मिटते. आतला दाब चढतो आणि तो मूत्रपिंडावर जातो. हा दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या वर राहिला तर किडनीला धोका, असं डॉक्टर मानतात. मार केंद्रालाच किंवा त्याच्या खाली असेल तर पिशवी सैल पडते, तुडुंब भरते आणि वरचं थोडं थोडं सांडत राहतं. घरचे म्हणतात, "होते की थोडी थोडी." बाप्पा, ते ओसंडणं आहे. यातलं तुमचं कोणतं हे युरोडायनॅमिक तपासणीत, म्हणजे मूत्राशय भरताना आणि रिकामं होताना आतला दाब मोजतात त्यात, कळतं. ती झाल्याशिवाय पुढची कोणतीही निवड अंदाजपंचे.

आता नळीचे दोन प्रकार. फोली, म्हणजे कायम आत राहणारी. सुरुवातीच्या दिवसांत तीच बरी आणि घरच्यांना सोयीची. पण वर्षानुवर्षं ठेवली तर जंतुसंसर्ग, खडे, नळी तुंबणं हे मागे लागतं. दुसरी म्हणजे दिवसातून चार ते सहा वेळा स्वतः घालून मूत्राशय रिकामं करून लगेच काढायची, तिला डॉक्टर सीआयसी म्हणतात. हात चालत असतील तर माझा कौल हिलाच. दरवेळी निर्जंतुक साहित्य लागतंच असं नाही, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, हे लॅपिडीस नावाच्या अमेरिकन सर्जनने १९७२ मध्ये मांडलं आणि पेशंट घरी राहू लागले. एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही, एवढा एकच नियम आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. मानेला मार असेल आणि बोटं चालत नसतील तर मात्र दुसऱ्या कुणाला तरी शिकावं लागतं. आमच्याकडे वहिनी आठवड्यात शिकली.

आवळणारं मूत्राशय शांत करायला ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनॅसिन देतात. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही. आपल्याकडे तिसरी अडचण जास्त महत्त्वाची: या गोळ्यांनी घाम कमी येतो. मज्जारज्जूच्या दुखापतीत खालच्या अंगाला घाम आधीच कमी, त्यात नागपूरचा ४५ अंशांचा मे महिना. डॉक्टरांना हे विचारूनच घ्या. गोळ्या पचत नसतील तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं असतात. असर साधारण सहा ते नऊ महिने टिकतो, पण नळी घालायची तयारी ठेवावीच लागते.

मग आयुर्वेद. हा आजार आपल्या वैद्यांना ठाऊकच नव्हता असं समजू नका. सुश्रुताने आपल्या संहितेच्या उत्तरतंत्र या भागात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, १२ प्रकार सांगितलेत. त्यातला मूत्रजठर वाचला, लघवी अडून पोट फुगतं तो, तर आमच्या भावाचंच वर्णन वाटतं. कारण सांगितलंय बिघडलेला वायू. पण औषधांकडे वळलं की जपून. गोखरू (आपला सराटा), पुनर्नवा, वरुण ही औषधं मूत्रल म्हणून दिली जातात, म्हणजे लघवीचं प्रमाण वाढवायला. ज्याची पिशवी रिकामीच होत नाही त्याची लघवी वाढवून करायचं काय?

हे आम्ही भोगून शिकलो. एका जडीबुटीवाल्याच्या सांगण्यावरून दहा दिवस काढा दिला आणि "आता आपोआप होईल" म्हणून नळीच्या वेळा लांबवल्या. अकराव्या दिवशी बेंबीखाली टरबुजासारखा गोळा हाताला लागत होता. नळी घातली तर ९०० मिली. मग थंडी वाजून ताप. वेळा लांबवल्या ही चूक आमचीच. पण काढा देणाऱ्याने नळीबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

आयुर्वेदाचा उपयोग आम्हाला झाला तो पोटासाठी. आतडं भरलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो आणि गळती वाढते. रात्री त्रिफळा आणि वैद्यांच्या देखरेखीखाली तेलाची मात्राबस्ती (गुदमार्गाने दिलेला थोड्या तेलाचा एनिमा), एवढ्यावर शौचाची वेळ बांधली गेली आणि रात्रीची चादर ओली होणं कमी झालं. पायाचे झटके अभ्यंगाने, म्हणजे तेलाच्या मालिशने, सैल पडतात असं भाऊ म्हणतो, माझा त्यावर वाद नाही. पण शेक? संवेदना नसलेल्या जागी गरम पोटली ठेवू देऊ नका. चटका बसतो आणि पेशंटला कळतही नाही. डी-६ (छातीमागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर मार असेल तर बस्तीसुद्धा आधी मज्जारज्जूच्या डॉक्टरांना विचारून. गुदमार्गाला नुसतं चेतवल्यानेही रक्तदाब एकदम उसळू शकतो.

लघवीच्या तक्रारींवर देतात त्या चंद्रप्रभा वटीत लोहभस्म आणि क्षार असतात, त्यामुळे किडनीचा रिपोर्ट बघितल्याशिवाय नको. इंटरनेटवरून तर काहीच मागवू नका. २००८ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, तर साधारण पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आणि बेंबीखाली दाबून लघवी काढायचा घरगुती सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या. झडप मिटलेली असताना दाबलं तर लघवी किडनीकडे उलटी जाऊ शकते.

कुठे जायचं? नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटीत युरॉलॉजी, म्हणजे मूत्ररोग विभाग, आहे, मिहानला एम्स आहे, आणि सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. आम्ही क्रम असाच ठेवला: आधी युरॉलॉजी, नळी पक्की, आणि मग वैद्य. त्या वैद्यांनी पहिल्याच दिवशी नाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "दिवसात किती वेळा नळी घालता, दरवेळी किती निघते? वही आणली का?" वही नव्हती. त्यांनी औषध न देताच आम्हाला परत पाठवलं, तीन दिवसांचं लिहून आणा म्हणाले.

तेव्हापासून आमचे वैद्य तेच आहेत.