कॉपर-रुथेनियमचे नमुने तपासून घ्यायचेत? उद्यमबागच्या सेल लॅबचा माझा अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कॉलेजात शिकवता शिकवता इनऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी करणारे बरेच आहेत, आणि सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. कॉम्प्लेक्स, म्हणजे धातूला दुसरे रेणू जोडून केलेलं संयुग, तयार होतं, आयआर-यूव्ही तपासणी होते, नशीब चांगलं असलं तर क्रिस्टलही मिळतो. पण ते कॅन्सरच्या पेशींवर काय करतं हे बघायचं तर पेशी वाढवायची सोय कॉलेजात नसते, मग नमुने बाहेर द्यावे लागतात. उद्यमबागेत फाउंड्र्यांच्या मागच्या अंगाला जी छोटी सेल टेस्टिंग लॅब आहे, तिथून मी माझी कॉपर आणि रुथेनियमची कॉम्प्लेक्स तपासून घेतली. पैसे मोजावेत अशी जागा आहे. का, ते जरा सविस्तर लिहिते.

इथं नमुना हातात घ्यायच्या आधी प्रश्न विचारतात. धातू कुठला, त्याची अवस्था काय, पाण्यात विरघळतो का, किती तास टिकतो, उजेडात रंग बदलतो का. फॉर्म भरून दिला तरी लॅबच्या मॅडम फोन करून पुन्हा विचारतात. नुसता लिगँड (धातूला जोडायचा रेणू) आणि नुसतं धातूचं मीठही वेगळ्या बाटल्यांत मागून घेतात. हे मला फार पटलं. कॉपर क्लोराइड एकटंच पेशींना मारत असेल, किंवा सगळं काम लिगँडच करत असेल, तर कॉम्प्लेक्स बनवून आपण नवीन काय मिळवलं हे कळायला दुसरा मार्ग नाही.

माझं एक हिरवं कॉपर कॉम्प्लेक्स डीएमएसओ या द्रावकात झकास विरघळायचं. लॅबनं ते पेशी वाढवायच्या पाणीदार माध्यमात पातळ केलं आणि प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या आधी तिथल्या मुलानं मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. "अक्का, हे बघा की." खाली पेशी चिकटलेल्या, आणि त्यांच्यावर बाभळीच्या काट्यांसारख्या हिरवट सुया पडलेल्या. कॉम्प्लेक्स पाण्यात येताच बाहेर पडलं होतं. काही सुया सरळ पेशींवर आडव्या झालेल्या. प्लेटच्या वरच्या खळग्यांत, जिथं मात्रा जास्त, तिथं दाट. खाली खाली विरळ. आणि चौथ्या रांगेपासून स्वच्छ. मुलगा म्हणाला, "वरच्या तीन रांगांचं रीडिंग मी देईन, पण ते तुमच्या औषधाचं नाही, खड्यांचं आहे." रिपोर्टमध्येही त्या तीन रांगांपुढं तसा शेरा आहे. ही गोष्ट त्यांनी दाखवली नसती तर मला कधीच कळली नसती, कारण माझ्याकडं आला असता तो फक्त एक आकडा.

आता सिस्प्लॅटिनबद्दल. कुठलंही नवं धातूचं संयुग तपासताना शेजारी सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं कॅन्सरवरचं औषध लावतात, कारण या घराण्यातलं थोरलं औषध तेच. १९६५ मध्ये अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि नुसते लांबच लांब वाढत गेले. कारण वीज नव्हतीच, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेली संयुगं होती. त्यातलंच एक सिस्प्लॅटिन, त्याला १९७८ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. हे सगळं आपण वर्गात शिकवतो. पण ते बाटलीतून काढून कशात विरघळवायचं, इथंच गडबड होते. याआधी मी दुसऱ्या एका शहरातल्या लॅबकडून काम करून घेतलं होतं. तिथल्या रिपोर्टात माझं कॉम्प्लेक्स सिस्प्लॅटिनपेक्षा कितीतरी पट जोरदार निघालं. गाइड खूश झाले, माझ्या मनाला मात्र ते पटेना. विचारल्यावर कळलं, सिस्प्लॅटिनही त्यांनी डीएमएसओमध्येच विरघळवलं होतं. डीएमएसओमधलं गंधक प्लॅटिनमला धरतं आणि क्लोराइडला हुसकावून लावतं. राहतं ते वेगळंच संयुग, त्याला मूळचा जोर नाही. दुबळ्या केलेल्या सिस्प्लॅटिनशी तुलना केली की कुणाचंही कॉम्प्लेक्स जिंकणारच.

उद्यमबागेत सिस्प्लॅटिन सलाइनमध्ये, त्याच दिवशी ताजं करतात. मिठाच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळं ते जागचं हलत नाही. पेशीच्या आत क्लोराइड कमी, तिथं गेल्यावर त्याची जागा पाणी घेतं, आणि मग प्लॅटिनम डीएनएतल्या ग्वानीनला जाऊन धरतं. या तुलनेत माझं कॉपरचं कॉम्प्लेक्स सिस्प्लॅटिनच्या मागंच राहिलं. तो आकडा मी प्रबंधात तसाच घालणार आहे.

चाचणी एमटीटीची. पिवळं एमटीटी जिवंत पेशीत गेलं की जांभळं फॉर्मॅझान होतं, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला रंग मोजायचा. जांभळं जितकं गडद तितक्या पेशी जिवंत. धातूवाल्यांनी यात सावध राहावं. आपली संयुगं मुळात रंगीत, वर काही संयुगं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करून सोडतात. इथं ९६ वेलच्या प्लेटवर एक रांग बिनपेशींची ठेवतात, नुसतं माध्यम, संयुग आणि एमटीटी. माझ्या गंधकवाल्या एका लिगँडच्या त्या रांगेत फिकट जांभळी छटा आली. म्हणजे पेशी मेल्या तरी यंत्र त्या जिवंत दाखवणार. मॅडमनी तो नमुना बाजूला काढला आणि एसआरबी या दुसऱ्या चाचणीवर करू म्हणाल्या. त्यात पेशींच्या प्रथिनांना रंग चढतो, त्यामुळं ही अडचण येत नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात बाहेरचे नमुने तपासतात तेही एसआरबीवरच. जादा पैसे पडले, पण ते मी खुशीनं दिले.

मला तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी हव्या होत्या. माझी मावशी निपाणीकडची, आयुष्यभर तंबाखूत हात. तिला रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन दिलं. गाठ विरली, पण कानात जी शीळ सुरू झाली ती राहिलीच, आणि क्रिएटिनिनच्या रिपोर्टची आम्ही सगळे श्वास रोखून वाट बघायचो. कानांना आणि किडनीला कमी त्रास देणारा धातू सापडावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून तर हा विषय घेतला. या लॅबकडं केबी सेल लाइन (लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी) मागितली तर ते देत नाहीत. केबी तोंडाच्या कॅन्सरची म्हणून असंख्य पेपरांत छापून येते, पण ती कधीच हेला या दुसऱ्या सेल लाइनच्या पेशींनी गिळलेली आहे, म्हणजे मुळात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची. त्याऐवजी त्यांनी जिभेच्या कॅन्सरची कॅल-२७ सुचवली आणि सोबत ओळखपत्र दाखवलं, डीएनए तपासून खात्री केल्याचं. असं ओळखपत्र मागायचा आपल्याला हक्क आहे, मागा.

निरोगी पेशींच्या बाबतीत मात्र मी पूर्ण समाधानी नाही. ते एचईके-२९३ वापरतात आणि रिपोर्टात तिला नॉर्मल लिहितात. ती मूत्रपिंडाची आहे खरी, पण अ‍ॅडिनोव्हायरसचा डीएनए घालून अमर केलेली. नॉर्मल म्हणणं बरोबर नाही. मी हे बोलले, त्यांनी पुढच्या रिपोर्टात तो शब्द काढला. फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या निरोगी पेशी) आणणार म्हणतात, अजून आणलेले नाहीत.

दुसरी तक्रार वेळेची. सांगितलेल्या तारखेला रिपोर्ट येत नाही. पावसाळ्यात करंट गेला, जनरेटर वेळेत लागला नाही की इनक्युबेटरमधल्या पेशी नाराज होतात आणि सगळं पुन्हा वाढवावं लागतं. अशा वेळी ते पैसे पुन्हा घेत नाहीत, पण पेपरची मुदत डोक्यावर असेल तर हे धरून चला. आणखी एक: ते फक्त ४८ तासांची चाचणी करतात. रुथेनियमसारख्या सावकाश काम करणाऱ्या धातूला ७२ तासही हवेत.

रुथेनियमवरून आणखी एक सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडं आयसी-५० चा, म्हणजे पेशींची वाढ निम्म्यावर आणायला लागणाऱ्या मात्रेचा, आकडा मोठा आला की संयुग कचऱ्यात जातं. इटलीत त्रिएस्त इथं तयार झालेलं नामी-ए हे रुथेनियमचं संयुग प्लेटमधल्या पेशींना जवळजवळ काहीच करत नव्हतं. उंदरांत मात्र ते फुप्फुसात पसरणाऱ्या गाठी रोखायचं. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं, पुढं टिकलं नाही ही गोष्ट वेगळी. पण नुसत्या आयसी-५० वर निवड केली असती तर ते दारातच परत गेलं असतं. म्हणून माझी या लॅबला विनंती आहे, पेशींच्या सरकण्याची चाचणी, ती ओरखडा काढून बघतात ती, सुरू करा. सामान फार लागत नाही.

रिपोर्ट इंग्रजीत मिळतो. सगळ्या खळग्यांचे कच्चे आकडे, प्लेटचा नकाशा, तीन वेगवेगळ्या दिवसांच्या प्लेट वेगवेगळ्या, आणि पेशी कितव्या पिढीतल्या ते मागितल्यावर. कच्चे आकडे न देणाऱ्या लॅबकडं नमुना देऊच नका. आलेख स्वतः काढून बघा, वळण नीट येतं का ते कळतं. समजावून सांगताना मॅडम कानडी-मराठी मिसळून बोलतात, आपल्याला काही अडत नाही. कोल्हापूरकडच्यांनीही बिनधास्त फोन करावा.

पाठवताना पावडर कोरडी, घट्ट झाकणाच्या बाटलीत. रुथेनियमची असेल तर बाटलीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, बरीचशी उजेडात बिघडतात. लिगँड आणि मिठाच्या बाटल्या विसरू नका. सिस्प्लॅटिन कशात विरघळवणार ते लेखी विचारून ठेवा. फोन दुपारी चारनंतर लागतो, सकाळी सगळे पेशींच्या खोलीत असतात.